कनेक्टवरचे अ‍ॅप फोर्जवर नेताना: आधी परवानग्या, मग कोड, शेवटी डेटा

जिरा (कामांचा माग ठेवणारे) किंवा कॉन्फ्लुअन्स (टीमची माहिती लिहून ठेवणारे) या उत्पादनांसाठी अ‍ॅटलासियन मार्केटप्लेसवर अ‍ॅप विकणाऱ्या जुन्या टीमची रचना साधारण सारखीच असते. आपला एक सर्व्हर असतो, त्यामागे डेटाबेस असतो, अ‍ॅपची ओळख सांगणारी एक जेसन डिस्क्रिप्टर फाइल असते आणि ग्राहकाच्या पानावर आयफ्रेममध्ये उघडणारा आपला स्क्रीन असतो. हे झाले कनेक्ट, म्हणजे असे अ‍ॅप बनवण्याची जुनी पद्धत. फोर्ज या नव्या पद्धतीत कोड आपण लिहितो, पण तो अ‍ॅटलासियनच्या ढाच्यात चालतो आणि ठरवले तर डेटाही तिथेच राहतो. फोर्ज २०२१ पासून सर्वांसाठी खुले आहे. मात्र १७ सप्टेंबर २०२५ पासून मार्केटप्लेसने नवी कनेक्ट अ‍ॅप्स घेणे थांबवले आणि २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत कनेक्टचा आधार संपेल असे जाहीर झाले, तेव्हापासून हे स्थलांतर ‘कधीतरी करू’ या यादीत ठेवण्यासारखे राहिलेले नाही.

बहुतेक जण हे काम कोडपासून सुरू करतात. माझ्या मते तिथेच चूक होते. कोड आपल्या हातात असतो, त्यामुळे तो आज चुकला तर उद्या सुधारता येतो. परवानग्या ग्राहकाच्या अ‍ॅडमिनच्या हातात असतात आणि तिथे झालेली चूक सुधारायची तर प्रत्येक ग्राहकाकडे पुन्हा जावे लागते. म्हणून पुढील क्रम परवानग्यांपासून सुरू होतो.

कागदावर करायचे काम

फोर्जमध्ये अ‍ॅपच्या आवृत्त्या मोठ्या आणि छोट्या अशा दोन जातींच्या असतात. कोडमधील दुरुस्ती, स्क्रीनमधील बदल किंवा मजकुरातील सुधारणा छोट्या आवृत्तीत जातात आणि त्या सर्व इन्स्टॉलेशनवर आपोआप पोहोचतात. पण मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपचे भाग आणि परवानग्या नोंदणारी फाइल) नवा स्कोप (डेटा वापरण्याची परवानगी) आला, बाहेरच्या एखाद्या पत्त्याशी बोलण्याची परवानगी आली किंवा नवा रिमोट सर्व्हर आला, तर ती मोठी आवृत्ती ठरते आणि ग्राहकाच्या अ‍ॅडमिनने मंजुरी देईपर्यंत तो ग्राहक जुन्याच आवृत्तीवर राहतो. अ‍ॅडमिन मंडळी अशी मंजुरी तत्परतेने देतात असा अनुभव कोणाचाच नसावा. कोणी सुट्टीवर असतो, कोणाला सुरक्षा विभागाला विचारावे लागते, तर कोणाला सूचना दिसलेलीच नसते.

याचा अर्थ असा की स्थलांतराच्या काळात दर महिन्याला एकेक स्कोप वाढवत गेलात, तर काही दिवसांतच आपले ग्राहक चार-पाच वेगवेगळ्या मोठ्या आवृत्त्यांवर विखुरलेले असतील आणि प्रत्येक तक्रारीला उत्तर देण्याआधी तो ग्राहक नेमका कुठल्या आवृत्तीवर आहे हे शोधावे लागेल. त्याऐवजी कोडची एक ओळही न लिहिता तीन रकान्यांचा एक तक्ता करावा. पहिल्या रकान्यात अ‍ॅपमधील प्रत्येक सोय, दुसऱ्यात ती सोय आज कुठली एपीआय कुणाच्या नावाने वापरते, आणि तिसऱ्यात फोर्जवर तिला लागणारा नेमका स्कोप लिहावा. कनेक्टमधील ‘वाचणे’ आणि ‘लिहिणे’ हे स्कोप ऐसपैस होते. फोर्जमध्ये ते बरेच बारीक असू शकतात, आणि तक्ता भरताना सहसा असे लक्षात येते की अ‍ॅपने वर्षानुवर्षे मागितलेले काही अधिकार त्याने कधी वापरलेलेच नाहीत. ते इथेच गाळावेत. उलट, पुढच्या सहा महिन्यांत नक्की लागणार आहे असा एखादा स्कोप असेल तर तो याच मंजुरीत मागून घ्यावा. मात्र ‘कदाचित लागेल’ म्हणून काहीही मागू नये, कारण मंजुरीच्या पडद्यावरची प्रत्येक ओळ म्हणजे ग्राहकाच्या सुरक्षा विभागाला पडणारा एक प्रश्न असतो.

याच टप्प्यावर आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. आपला सर्व्हर ठेवायचा की सोडायचा? फोर्ज रिमोट नावाच्या सोयीमुळे आपला जुना सर्व्हर तसाच ठेवून फोर्ज अ‍ॅपमधून त्याला बोलावता येते. तो मार्ग जलद आहे, पण ग्राहकाचा डेटा बाहेर जात असल्याने अ‍ॅपला ‘रन्स ऑन अ‍ॅटलासियन’ हा बिल्ला मिळत नाही, आणि मोठ्या कंपन्यांची खरेदी खाती हल्ली आधी तोच शोधतात. ज्या अ‍ॅपचे काम जड गणिताचे, मोठ्या फाइलींचे किंवा तिसऱ्याच सेवेशी जोडणी करण्याचे आहे, त्याने रिमोट ठेवण्यात काहीच गैर नाही. पण इश्यूच्या (जिरामधील एका कामाच्या नोंदीच्या) पानावर चेकलिस्ट दाखवण्यासारखे काम करणाऱ्या अ‍ॅपने सर्व्हर सांभाळत बसण्याचे कारण उरलेले नाही. खर्चाचा हिशेबही इथेच मांडावा. जानेवारी २०२६ पासून फोर्जवर ठराविक मोफत मर्यादेपलीकडच्या वापराला शुल्क लागते, म्हणजे सर्व्हरचे भाडे वाचले तरी बेफिकीर लिहिलेला कोड आता थेट बिलात दिसतो.

पहिले पाऊल: काहीही न बदलता घर बदलणे

फोर्जची सर्वांत उपयोगी गोष्ट अशी की कनेक्टचे मॉड्यूल, म्हणजे अ‍ॅपचे वेगवेगळे भाग, फोर्जच्या मॅनिफेस्टमध्ये जसेच्या तसे ठेवता येतात. जुनी डिस्क्रिप्टर फाइल घेऊन तिचे मॅनिफेस्टमध्ये रूपांतर करणारे अधिकृत साधनही उपलब्ध आहे. ते चालवल्यावर जी वायएमएल फाइल हाती येते, तिच्यात जुनी सगळी मॉड्यूल ‘कनेक्ट मॉड्यूल्स’ या शीर्षकाखाली बसलेली असतात, आपला जुना सर्व्हर एक रिमोट म्हणून नोंदलेला असतो आणि जुने स्कोप नव्या नावांनी उतरलेले असतात. ही फाइल डोळे झाकून स्वीकारू नये. वर केलेला तक्ता शेजारी ठेवून ती ओळीओळीने तपासावी.

या फाइलमध्ये ज्या एका ओळीला धक्का लागता कामा नये, ती म्हणजे कनेक्टची अ‍ॅप की. मार्केटप्लेसला आणि ग्राहकांच्या साइटना ‘हे तेच अ‍ॅप आहे’ हे या कीवरूनच कळते. की तीच राहिली तर परवाने, चालू इन्स्टॉलेशन आणि मार्केटप्लेसवरील परीक्षणे सोबत येतात. की बदलली तर आपण एक नवे, शून्य ग्राहक असलेले अ‍ॅप तयार केलेले असते. परवाना तपासणी चालू ठेवण्याची नोंदही मॅनिफेस्टमध्ये वेगळी करावी लागते, आणि ती राहून जाणे ही नेहमीची चूक आहे.

यानंतर फोर्जच्या कमांड लाइन साधनाने अ‍ॅपची नोंदणी करावी, लिंट (चुका शोधणारी तपासणी) चालवावे, डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंटमध्ये डिप्लॉय करावे आणि एका चाचणी साइटवर इन्स्टॉल करावे. डेव्हलपमेंट, स्टेजिंग आणि प्रॉडक्शन ही तीन एन्व्हायर्नमेंट फोर्ज स्वतःच देते आणि त्यांचा डेटा एकमेकांपासून वेगळा राहतो. या टप्प्यावर अ‍ॅप हुबेहूब पूर्वीसारखे दिसले आणि वागले पाहिजे. काहीच नवे दिसत नाही म्हणून हा टप्पा गाळण्याचा मोह होतो, पण पुढे काही बिघडले तर दोष नव्या घराचा की नव्या कोडचा हे ओळखायला हीच पायरी कामी येते. प्रॉडक्शनवर जाण्यापूर्वी परतीची वाट नाही असे धरूनच चालावे, आणि स्टेजिंगवर किमान एक खऱ्या आकाराची साइट पूर्ण आठवडाभर चालवून पाहावी.

मॉड्यूल एकेक करून बदलणे

आता खरा कोड. सर्वांत कमी वापराचे आणि सर्वांत कमी डेटा हाताळणारे मॉड्यूल आधी घ्यावे. सहसा ते अ‍ॅडमिनचे सेटिंग्जचे पान असते. ते फोर्जच्या मॉड्यूलमध्ये उतरवावे, छोटी आवृत्ती म्हणून पाठवावे, आठवडाभर लॉग पाहावेत आणि मग पुढच्या मॉड्यूलकडे वळावे.

स्क्रीन दोन प्रकारे बनवता येतात. यूआय किटमध्ये तयार घटक वापरून कमी कोडमध्ये स्क्रीन उभा राहतो आणि तो जिराच्या इतर भागासारखाच दिसतो, पण तिथे आपले एचटीएमएल चालत नाही. कस्टम यूआयमध्ये आपली स्थिर फाइलींची वेब अ‍ॅप आयफ्रेममध्ये चालते. ज्यांच्याकडे रिअ‍ॅक्टमध्ये लिहिलेला जुना फ्रंटएंड आहे त्यांनी कस्टम यूआयच निवडावे. सगळे स्क्रीन यूआय किटमध्ये पुन्हा लिहिण्याचा उत्साह स्थलांतर संपेपर्यंत आवरलेला बरा.

कस्टम यूआयवर पहिल्यांदा डिप्लॉय केल्यावर बहुतेकांना जे दिसते ते म्हणजे कोरी पांढरी चौकट. मीही त्या चौकटीकडे एक अख्खी दुपार पाहत बसलो होतो. आपल्या संगणकावर सर्व काही नीट चालते, टनेलमधूनही (आपल्या संगणकावरचा कोड चाचणी साइटला जोडून पाहण्याची सोय) चालते, आणि डिप्लॉय झाल्यावर मात्र काहीच नाही. ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडला तेव्हा उलगडा झाला: बिल्डमधून निघालेल्या इंडेक्स फाइलमध्ये जावास्क्रिप्टचा पत्ता तिरक्या रेघेने, म्हणजे मूळ डोमेनपासून सुरू होत होता, आणि फोर्जवर फाइली एका आतल्या फोल्डरमधून येत असल्याने त्या पत्त्यावर काहीच नव्हते. वीट (Vite) हे बिल्ड साधन वापरत असाल तर बेस, आणि जुने क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप वापरत असाल तर पॅकेज फाइलमधील होमपेज, हे एका टिंबाने आणि तिरक्या रेघेने सुरू होणारे सापेक्ष ठेवावे. दुसरे कारण असते सुरक्षा धोरण. एचटीएमएलमध्येच लिहिलेली स्क्रिप्ट किंवा शैली फोर्ज मुळात अडवते, आणि जुन्या फ्रंटएंडमध्ये अशा ओळी कुठे लपल्या आहेत हे ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लाल अक्षरांत दिसते. शैलींपुरती सूट मॅनिफेस्टमध्ये मागता येते. स्क्रिप्टच्या बाबतीत सूट मागण्याऐवजी ती वेगळ्या फाइलमध्ये हलवावी.

कनेक्टमधील एपी (AP) या जागतिक ऑब्जेक्टची, म्हणजे स्क्रीनला जिराशी बोलू देणाऱ्या दुव्याची, जागा आता फोर्ज ब्रिज घेतो. विनंती पाठवणे, डायलॉग उघडणे, फ्लॅग दाखवणे, संदर्भ मिळवणे या सगळ्यांना पर्याय आहेत. त्यासाठी मधे एक पातळ थर लिहावा, म्हणजे स्क्रीनचा कोड त्या थराशी बोलेल आणि कनेक्ट की फोर्ज हे त्या थरालाच माहीत असेल. जुनी आणि नवी मॉड्यूल काही महिने शेजारी नांदणार असल्याने या थराचे श्रम वाया जात नाहीत.

मागच्या बाजूला मोठा फरक ओळख पटवण्यात आहे. कनेक्टमध्ये प्रत्येक ग्राहकाचे एक सामायिक गुपित आपल्या डेटाबेसमध्ये असे आणि येणारा टोकन आपण त्याच्याशी ताडून पाहत असू. फोर्जमध्ये ते गुपित सांभाळावे लागत नाही. कोण बोलत आहे हे रिझॉल्व्हरला (स्क्रीनच्या विनंतीला उत्तर देणाऱ्या फंक्शनला) संदर्भातूनच मिळते. मात्र त्यामुळे गाफील राहू नये. ब्राउझरमधून येणारा पेलोड (विनंतीसोबतचा डेटा) वापरकर्ता बदलू शकतो, म्हणून त्यात आलेला खाते क्रमांक खरा मानून चालत नाही. खाते क्रमांक संदर्भातूनच घ्यावा. तसेच अ‍ॅपच्या नावाने केलेली विनंती अ‍ॅपच्या अधिकाराने चालते. समोरच्या वापरकर्त्याला तो इश्यू पाहण्याचा अधिकार आहे का, हे ती विचारत नाही. म्हणून वापरकर्त्यासमोर काहीही दाखवायचे असेल तर विनंती वापरकर्त्याच्या नावाने करावी, आणि जिथे अ‍ॅपच्या नावाशिवाय पर्याय नाही तिथे अधिकाराची तपासणी स्वतः लिहावी.

वेबहुकची (घटना घडली की आपल्या सर्व्हरला येणाऱ्या सूचनेची) जागा ट्रिगर (घटना घडली की फंक्शन चालवणारी नोंद) घेतात. एखाद्या घटनेसाठी जुना वेबहुक आणि नवा ट्रिगर दोन्ही चालू असतील, तर एकच बदल दोनदा हाताळला जातो आणि ग्राहकाला दोन ईमेल जातात. त्यामुळे दोन्ही एकाच आवृत्तीत अदलाबदल करावेत आणि तरीही हाताळणारा कोड असा लिहावा की तीच घटना दुसऱ्यांदा आली तर काहीच होऊ नये. अ‍ॅपने स्वतः केलेल्या बदलावर अ‍ॅपचाच ट्रिगर पुन्हा उठू नये यासाठी स्वतःच्या घटना वगळण्याचा फिल्टर मॅनिफेस्टमध्ये आहे. तो लावायचा राहिला की अ‍ॅप स्वतःच्याच शेपटीमागे गोल गोल फिरत राहते.

वेळेची मर्यादाही ध्यानात ठेवावी. स्क्रीनवरून बोलावलेले फंक्शन २५ सेकंदांत संपले पाहिजे. आपल्या सर्व्हरवर मिनिटभर चालणारा अहवाल इथे तसा चालणार नाही. तो अ‍ॅसिंक इव्हेंटच्या रांगेत टाकावा, जिथे एका कामाला १५ मिनिटांपर्यंत वेळ मागता येतो, आणि स्क्रीनवर प्रगती दाखवावी. ठराविक वेळाने चालणाऱ्या कामांसाठी शेड्यूल्ड ट्रिगर असतात, पण त्यांचे अंतर पाच मिनिटे, तास, दिवस आणि आठवडा एवढ्याच पर्यायांतून निवडावे लागते. ‘रोज पहाटे साडेतीनला’ असे क्रॉन (नेमक्या वेळेचे वेळापत्रक) इथे लिहिता येत नाही.

काम करताना फोर्ज टनेल वापरल्यास कोडमधील बदल लगेच दिसतात. मॅनिफेस्टमधील बदलांना मात्र पुन्हा डिप्लॉय करावेच लागते. ‘बदल केला तरी दिसत का नाही’ या प्रश्नाचे उत्तर निम्म्या वेळा एवढेच असते.

डेटा हलवणे

हे सर्वांत शेवटी करावे आणि सर्वांत सावकाश करावे. फोर्जचे की-व्हॅल्यू स्टोरेज (एक की आणि तिच्यासमोर एक मूल्य अशा नोंदी) हे आपल्या जुन्या डेटाबेसचे लहान रूप नव्हे. त्याची घडणच वेगळी आहे. प्रत्येक इन्स्टॉलेशनचा डेटा स्वतंत्र कप्प्यात असतो, त्यामुळे ‘सर्व ग्राहकांमध्ये मिळून किती चेकलिस्ट आहेत’ हा प्रश्न एका क्वेरीत विचारता येत नाही. एका नोंदीची कमाल मर्यादा २४० किबीबाइट आहे आणि कीमध्ये मोजकीच चिन्हे चालतात, म्हणजे ईमेल पत्ता की म्हणून वापरणाऱ्या जुन्या सवयीला इथे जागा नाही. आपला डेटा खरोखर कोष्टकांचा आणि जोडण्यांचा असेल तर मायएसक्यूएलशी सुसंगत असलेले फोर्ज एसक्यूएल पाहावे. नसेल तर की-व्हॅल्यू पुरते.

चेकलिस्टचेच उदाहरण घेऊ. जुन्या डेटाबेसमध्ये एका ग्राहकाच्या लाखभर नोंदी आहेत. त्या एका रात्रीत ओतण्याऐवजी असे करावे: वापरकर्त्याने इश्यू उघडला की आधी फोर्ज स्टोरेजमध्ये पाहावे, नोंद असेल तर तीच दाखवावी, नसेल तर जुन्या सर्व्हरकडून आणावी, फोर्जमध्ये लिहावी आणि मग दाखवावी. ज्या इश्यूंना रोज हात लागतो ते अशा रीतीने पहिल्या काही दिवसांत आपोआप हलतात. उरलेल्यांसाठी शेड्यूल्ड ट्रिगर दर तासाला रांगेत थोड्या थोड्या नोंदी टाकतो, आणि शेवटची हलवलेली नोंद कुठली हे एका वेगळ्या कीमध्ये लिहून ठेवतो, म्हणजे काम मधेच तुटले तरी पुढच्या तासाला तिथूनच सुरू होते.

या पद्धतीत एक खाच आहे. वापरकर्त्याने नव्या स्क्रीनवर एखादी चेकलिस्ट पुसली आणि आपण स्टोरेजमधून नोंद काढून टाकली, तर पुढच्या वेळी कोडला ‘नोंद नाही’ एवढेच दिसते, तो जुन्या सर्व्हरकडे जातो आणि पुसलेली चेकलिस्ट भुतासारखी परत येते. म्हणून स्थलांतर पूर्ण होईपर्यंत पुसलेल्या नोंदीच्या जागी ‘पुसली आहे’ अशी खूण ठेवावी. त्याचप्रमाणे पार्श्वभूमीला चालणाऱ्या कामाने, जिथे नवी नोंद आधीच आहे तिथे जुनी नोंद कधीही लिहू नये. नाहीतर सकाळी केलेला बदल दुपारी गायब झाला अशी तक्रार येते, आणि ती खरी असते.

जुन्या सर्व्हरवर ग्राहक ओळखला जातो तो क्लायंट कीवरून, तर फोर्जमध्ये साइटचा क्लाउड आयडी असतो. या दोहोंची जोडणी सांगणारा तक्ता स्थलांतर सुरू होण्यापूर्वी भरलेला असावा. अमुक लाइफसायकल घटना आली की ग्राहकाची नोंद तयार होईल, यावर भिस्त ठेवू नये. पहिल्या हाकेला नोंद नसेल तर ती तिथेच तयार होईल असा कोड लिहावा.

प्रत्येक ग्राहकाचे हलवणे संपले की जुन्या आणि नव्या नोंदींची संख्या ताडावी, काही नोंदींचा मजकूर अक्षरशः तुलना करून पाहावा आणि मगच ‘पूर्ण’ अशी खूण करावी. ही खूण झाली की त्या ग्राहकासाठी जुन्या सर्व्हरकडे जाणारा मार्ग कोडमधून बंद व्हायला हवा. लॉगकडे या काळात रोज पाहावे, पण ग्राहकाचा अ‍ॅडमिन आपल्याला लॉग दिसणे बंद करू शकतो हेही लक्षात ठेवावे. म्हणून त्रुटी आली की स्क्रीनवर एक लहानसा क्रमांक दाखवावा, म्हणजे मदत मागताना ग्राहक तो सांगू शकतो.

जुना सर्व्हर बंद करणे

सर्व मॉड्यूल फोर्जवर आली, सर्व ग्राहकांवर ‘पूर्ण’ची खूण लागली, तरी सर्व्हर त्याच दिवशी बंद करू नये. मंजुरी न दिलेले काही ग्राहक अजून जुन्या आवृत्तीवर असतीलच. सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये कोण अजून येत आहे याची यादी काढावी आणि त्या प्रत्येक अ‍ॅडमिनला नेमके काय करायचे, कुठल्या पानावर जाऊन कुठले बटण दाबायचे, हे सांगणारे वेगळे पत्र पाठवावे. सरसकट पाठवलेली सूचना कोणी वाचत नाही. ‘आपल्या साइटवर हे अ‍ॅप अमुक तारखेनंतर उघडणार नाही’ असे लिहिलेले पत्र वाचले जाते. डेटाची शेवटची प्रत आपल्या धोरणात आणि ग्राहकाशी झालेल्या करारात लिहिलेल्या मुदतीपर्यंतच ठेवावी आणि नंतर ती खरोखर पुसावी.

सर्व्हर गेला तरी त्याचे डोमेन मात्र सोडू नये. जुन्या मॅनिफेस्टवर अडकलेल्या साइट त्या पत्त्यावरून आयफ्रेम मागत राहतात, आणि मुदत संपलेले डोमेन उद्या दुसऱ्या कोणी विकत घेतले तर त्या चौकटीत काय दिसेल हे आपल्या हातात राहत नाही. जुन्या पत्त्यावर ‘कृपया अ‍ॅप अद्ययावत करा’ एवढे सांगणारे एक स्थिर पान ठेवावे, आणि डोमेनचे नूतनीकरण टीममधील एका नेमलेल्या व्यक्तीच्या नावावर लिहून ठेवावे.